चार महिने झाले, तरी पाय आपला वाटत नाही

पत्र : माझे वय ६८. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. दांडिया बाजारात आमचे जुने घर आहे. खाली दोन खोल्या आणि लाकडी जिन्याने वर दोन. यंदा वटपौर्णिमेच्या सकाळी पावसाने ओट्याची फरशी ओली झाली होती. पूजेचे ताट घेऊन उतरताना पाय सटकला आणि उजव्या खुब्याशी हाड मोडले. तिसऱ्या दिवशी खुब्याचा पूर्ण सांधा बदलला. डॉक्टर म्हणतात, एक्स-रे उत्तम आहे. पण चार महिने झाले तरी काठीशिवाय चालता येत नाही, चालताना मी एका बाजूला झुकते, संध्याकाळी घोटा सुजतो आणि हा पाय मला आपला वाटतच नाही. शेजारच्या वहिनींचा खुबा गेल्या वर्षी बदलला. त्या सहा आठवड्यांत सूरसागर तलावापर्यंत फिरून येऊ लागल्या होत्या. येणारे-जाणारे सगळे त्यांचाच दाखला देतात. नवरात्रात आमच्या शेरीत गरबा झाला, तो मी खिडकीत बसून ऐकला आणि रडले. हल्ली दिवेलागणीला रडू येतेच. यजमान मला पेलाभर पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत. आणखी एक गोष्ट मी कोणापाशी बोललेले नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन रात्री मी रुग्णालयात भलतेसलते बोलले. सूनबाई माझ्या औषधात काहीतरी कालवते आहे, असे मी नर्ससमोर ओरडून सांगितले म्हणे. मला ते धूसर आठवते. ती अजूनही माझे सगळे करते, पण मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही. मी कधी बरी होईन? पुढच्या नवरात्रात गरबा खेळू शकेन का? — एक वाचक, बडोदे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांकडे मी येणारच आहे, पण सुरुवात शेजारच्या वहिनींपासून करते, कारण चार महिने तुम्ही ज्या मापाने स्वतःला मोजत आहात ते माप मुळात तुमचे नाही. मी तीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले आणि त्यातली बहुतेक वर्षे याच शहरात खुबे आणि गुडघे बदललेल्या माणसांना चालते करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, की नाव एकच असले तरी तुमची आणि वहिनींची शस्त्रक्रिया सारखी नव्हती. त्यांचा सांधा बहुधा झिजलेला असणार. झिजलेल्या सांध्याचा रुग्ण महिनोन् महिने वेदना सोसून मगच शस्त्रक्रियेला तयार होतो. तारीख त्याने स्वतः ठरवलेली असते, रक्त तपासून जे कमी असेल ते भरून काढलेले असते, व्यायाम आधीच शिकवलेले असतात आणि घरातला कमोडही उंच करून ठेवलेला असतो. शुद्धीवर आल्यावर जखम दुखते, पण रात्री कूस बदलू न देणारी ती जुनी, खोल कळ गेलेली असते, आणि म्हणून त्याचे मन दुसऱ्या दिवसापासूनच पुढचे पाहू लागते. तुमचे तसे झाले नाही. त्या सकाळी तुम्ही धडधाकट होतात, हातात पूजेचे ताट होते, आणि क्षणात सगळे हातचे गेले. वहिनींचे दुखणे शस्त्रक्रियेने नेले; तुमच्याकडे मात्र ती दुखण्याबरोबरच आली. तेव्हा त्यांना सहा आठवड्यांत जो आनंद झाला तो तुम्हाला का होत नाही, याचे उत्तर तुमच्या स्वभावात किंवा तुमच्या जिद्दीत शोधू नका.

शरीराच्या बाजूनेही तेच आहे. हाड मोडताना आणि शस्त्रक्रियेत मिळून रक्त गेले, त्याआधीचे दोन-तीन दिवस तुम्ही वेदनेत पडून होतात, धड जेवण नाही, धड झोप नाही. उतारवयात अंथरुणात काढलेल्या थोड्याशा दिवसांतही मांडीचे आणि नितंबाचे स्नायू झपाट्याने रोडावतात. खुबा बदलण्याची आजची पद्धत सर जॉन चार्न्ली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ च्या सुमारास बसवली आणि तेव्हापासून धातू, प्लॅस्टिक आणि सिरॅमिक यांत पुष्कळ सुधारणा झाल्या. पण सांधा दीड-दोन तासांत नवा होतो, त्याच्याभोवतीचे स्नायू मात्र आपले जुनेच राहतात, आणि शस्त्रक्रियेत सांध्यापर्यंत पोचण्यासाठी त्यांतले काही बाजूला सारावे किंवा कापून पुन्हा शिवावे लागतात. एक्स-रेमध्ये दिसतो तो सांधा. स्नायूंची ताकद एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणून डॉक्टरांचे ‘उत्तम आहे’ हेही खरे आणि तुमचे ‘पाय आपला वाटत नाही’ हेही खरे.

चालताना तुम्ही एका बाजूला झुकता, ते याच कमजोरीमुळे. नितंबाच्या बाहेरच्या अंगाला एक स्नायू असतो, जो आपण एका पायावर उभे राहिलो की कंबर समपातळीत धरून ठेवतो. तो अशक्त असला की उजव्या पायावर भार येताच डावीकडची कंबर खाली जाऊ पाहते आणि तोल सांभाळण्यासाठी धड उजवीकडे कलते. हा स्नायू सावकाश परततो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत फरक जास्त दिसतो, पण पडून हाड मोडलेल्या माणसात सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही पुढे चालू राहते. तुमचे चार महिने म्हणजे निम्मी वाटही नव्हे. व्रणाशेजारी त्वचा बधिर लागणे, बसून उठल्यावर पहिली चार पावले आखडल्यासारखी पडणे, ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखे वाटणे, ही सगळी याच काळातली ओळखीची गाऱ्हाणी आहेत. पाय लांब वाटतो म्हणून कोणाच्या सांगण्यावरून चपलेला टाच चढवून घेऊ नका. पुष्कळदा ते स्नायूंच्या ताठरपणामुळे वाटत असते आणि काही महिन्यांत जाते. न गेल्यास सर्जनकडून मोजून घ्या. संध्याकाळी घोटा सुजतो आणि सकाळपर्यंत ओसरतो, तोवर काळजी नको. दुपारी अर्धा-पाऊण तास पाय उशीवर उंच ठेवून पडा. ज्या सुजेची काळजी करायची तिच्याविषयी पुढे लिहिते.

काठीबद्दल दोन शब्द ठामपणे लिहायला हवेत, कारण तुमच्या पत्रात काठी ही नामुष्कीची खूण होऊन बसली आहे. काठी डाव्या हातात धरा, म्हणजे ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात. निम्म्याहून अधिक माणसे ती दुखऱ्या बाजूला धरताना मी पाहिली आहेत आणि त्याने झुकणे वाढते. चपला घालून, हात सैल सोडून सरळ उभ्या राहा. काठीची मूठ मनगटाच्या वळीपाशी आली पाहिजे. जिना चढताना आधी डावा पाय, मग उजवा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि उजवा पाय, मग डावा. आणि दुसरा हात कठड्यावर. तुमच्या घरासारख्या उभ्या लाकडी जिन्याला एकाच बाजूला कठडा असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही एक बसवून घ्या. चालताना झुकणे आहे तोवर काठी सोडू नका. झुकत झुकत काठीविना चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणे कधीही चांगले, कारण स्नायू ज्या चालीने घडतात तीच चाल पुढे राहते.

व्यायाम बहुधा तुम्हाला शिकवले असतील आणि आता कंटाळून सुटले असतील. अनेकांच्या बाबतीत घरी येणारे फिजिओ सहा-आठ आठवड्यांनी बंद होतात, आणि खरी ताकद कमावण्याचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो. मी तुमच्या जागी असते तर आणखी दोन-तीन महिने, आठवड्यातून दोनदा तरी, फिजिओथेरपी पुन्हा सुरू केली असती. घरी दोन गोष्टी सोडू नका. एक, हात असलेल्या आणि बैठक गुडघ्यांपेक्षा उंच असलेल्या खुर्चीतून सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे, पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागले की दहा वेळा. दुसरी, स्वयंपाकघरातला ओटा दोन्ही हातांनी धरून, धड न हलवता, उजवा पाय बाजूला उचलणे आणि मग उजव्या पायावर उभे राहून डावा उचलणे. व्यायामानंतर थोडे दुखले तर चालेल. पण वाढलेले दुखणे दोन तासांनंतरही उतरले नाही, किंवा दुसऱ्या सकाळी पाय जास्तच जड झाला, तर आदल्या दिवशी प्रमाण अधिक झाले असे समजून ते थोडे कमी करा. व्यायाम बंद मात्र करू नका.

फिरायला सूरसागरची घाई नको. तिथली वर्दळ आणि फुटपाथाची चढउतार या वेळी तुमच्या कामाची नाही. कोणी गाडीने सोडत असेल तर सकाळी कमाटीबागेत जा. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली वसवलेल्या या बागेतल्या वाटा रुंद आहेत, सावली आहे आणि बसायला बाके आहेत. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चालायचे आणि बसायचे, इतकेच. आठवड्याने एक बाक ओलांडून पुढच्यावर बसायचे. मिनिटे आणि पावले मोजणारी माणसे लवकर निराश होतात असे मी पाहिले आहे. बाके मोजणारी टिकतात.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. उभ्या उंचीवरून पडून खुब्याचे हाड मोडले, तर ते हाड आधीच ठिसूळ झालेले असण्याची दाट शक्यता असते. सांधा बदलल्याने तो ठिसूळपणा जात नाही. दुसरा खुबा, मणके आणि मनगट तसेच राहतात. तरीही सांध्याच्या गडबडीत हाडांचे औषध सुरू करायचे राहून जाते, हे मी कितीतरी घरांत पाहिले. पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की माझी हाडांची घनता तपासायची का, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम किती आहे आणि ठिसूळपणावर औषध कधी सुरू करायचे. त्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते किंवा वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध असते. कोणते, हे मूत्रपिंडाची तपासणी पाहून ठरते. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, ब-१२ आणि थायरॉइडही पाहून घ्या. शस्त्रक्रियेनंतर उतरलेले हिमोग्लोबिन भरून आले नसेल, तर तुम्ही ज्याला मनाची मरगळ समजता आहात त्यातला काही भाग रक्ताचाच असेल. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर ती अंगी लागते.

आणि जेवण. बडोद्याच्या आपल्या घरांत बायकांचे रात्रीचे जेवण म्हणजे खिचडी-कढी नाहीतर चहा-भाकरी, आणि आजारपणात तर ‘हलके’ म्हणून वरणही पातळ. स्नायू त्यातून बनत नाहीत. तुमच्या वयात, मूत्रपिंडाचा विकार नसल्यास, वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने रोज हवीत. म्हणजे ५५ किलो वजनाला ५५ ते ७० ग्रॅम. एक वाटी घट्ट वरणातून सुमारे सहा-सात ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून तितकेच, शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे अठरा. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर आणि खात असाल तर अंडे, यांपैकी दोन गोष्टी ताटात असल्याच पाहिजेत.

आता रुग्णालयातल्या त्या दोन रात्रींविषयी. ताई, तुम्हाला जे झाले त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि आपल्या आज्या ‘वात झाला’ म्हणत. पासष्टीच्या पुढच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, की ते फार वेळा होते. इतके, की चांगल्या वॉर्डातल्या नर्स त्याची वाटच पाहत असतात. अंगाला बसलेला धक्का, भूल, वेदनेची तीव्र औषधे, अंगातले कमी झालेले पाणी, लघवीतला जंतुसंसर्ग, रात्रभर चालू असलेले दिवे आणि न लागलेली झोप, यांतल्या तीन-चार गोष्टी एकत्र आल्या की मेंदू काही काळ जागेपण आणि स्वप्न यांतला फरक करू शकत नाही. त्या अवस्थेत कोणीतरी आपल्याला विष देते आहे, कोणीतरी आपल्याला पळवून नेते आहे, असे वाटणे हे अगदी नेहमीचे लक्षण आहे, आणि संशय पुष्कळदा त्याच माणसावर जातो जे उशाशी बसलेले असते. सूनबाई त्या रात्री तुमच्या उशाशी होती म्हणून तिचे नाव आले. ती घरी झोपली असती तर कदाचित ते नर्सचे आले असते. तुमच्या मनात तिच्याविषयी दडून राहिलेले काही त्या रात्री बाहेर पडले, अशी समजूत तुम्ही करून घेतली असेल तर ती काढून टाका. तापात माणूस कापतो, म्हणून तो भित्रा ठरत नाही.

परंतु बोलणे आजाराचे असले तरी ऐकावे तिला लागले, आणि तेही चारचौघांत. ती चार महिने त्यावर एक शब्दही बोललेली नाही. कदाचित तिने ते केव्हाच सोडून दिले असेल. कदाचित तिला वाटत असेल, की सासूबाईंना काहीच आठवत नाही, मग कशाला काढायचे. आणि तुम्ही तिची नजर टाळता, तेव्हा तिला हेही वाटत असेल, की सासूबाईंचा संशय अजून गेलेला नाही. ही तिसरी शक्यता मला सगळ्यात छळते. तुम्ही शरमेने खाली पाहता आणि तिला तो अविश्वास वाटतो. म्हणून हे बोलायलाच हवे. तिच्या डोळ्यांत बघवत नाही म्हणता, तर समोरासमोर बसू नका. दिवाळी आली आहे, फराळ होईल. तुम्ही खुर्चीवर, टेबलाशी, ती शेजारी, तुमच्या दोघींच्या हातांत करंज्या, अशा वेळी यजमान आणि मुलगा घरात नसताना बोला. फार लांबवू नका. ‘रुग्णालयात मी तुला काय बोलले ते मला थोडेसे आठवते. माझे डोके तेव्हा ठिकाणावर नव्हते. पण तुला ते ऐकावे लागले याचे मला रोज वाईट वाटते,’ एवढे पुरे. आणि मग थांबा. तिला तुमची समजूत घालायला लावू नका, रडून तिच्यावर आणखी एक काम टाकू नका. ती काही म्हणाली तर ऐका. रागाने म्हणाली तरी ऐका. काहीच म्हणाली नाही आणि करंजीला मुरड घालत राहिली, तर तुम्हीही पुढची करंजी भरायला घ्या.

त्या दोन रात्रींची नोंद मात्र घरच्या फाइलमध्ये असू द्या. पुढे कधी मोतीबिंदूची असो वा आणखी कसली, कोणतीही शस्त्रक्रिया व्हायची असेल तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगायचे. आणि अजूनही नावे विसरणे, वेळेचा गोंधळ असे काही जाणवत असेल, तर तेही लपवू नका.

दिवेलागणीच्या रडण्याविषयी मला तुमच्याशी अधिक सरळ बोलायचे आहे. एका सकाळीत तुमचे हिंडणे-फिरणे गेले, आंघोळीचा खाजगीपणा गेला, आपल्याच ओट्यावर निर्धास्तपणे पाऊल टाकण्याचा हक्क गेला. त्याचे दुःख होणारच आणि ते रडून बाहेर पडले तर त्यात कमकुवतपणा नाही. पण दुःख आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे, आणि तो तुम्हालाच पाहावा लागेल. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खचलेले होते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत, नातवंडांचे फोन असोत, वाचन असो, फुलांची परडी असो, आता रस उरलेला नाही का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना या आठवड्यात हे सांगा. याला औषध आहे, समुपदेशन आहे, आणि उपचार झाले नाहीत तर पायही मागे राहतो, कारण खचलेले माणूस व्यायाम करत नाही. जगून काय करायचे, असा विचार एकदाही डोकावला असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका. त्याच दिवशी घरात बोला, किंवा सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती सेवा चोवीस तास आणि निःशुल्क आहे.

यजमानांनी पुढचा परिच्छेद स्वतः वाचावा, अशी माझी विनंती आहे. भाऊ, तुम्ही पेला आणून देता त्यामागे प्रेम आहे आणि भीतीही आहे; त्यांना पडलेले तुम्हीच पाहिले असणार. परंतु दिवसातून वीस वेळा खुर्चीतून उठणे हाच त्यांचा औषधोपचार आहे, आणि तुम्ही आणलेल्या प्रत्येक पेल्याबरोबर त्यातला एक डोस बुडतो. त्याहून वाईट म्हणजे, त्यांना रोज कळते की घरातल्या कोणाचाच त्यांच्या पायावर भरवसा नाही. पाणी त्यांना घेऊ द्या. तुम्ही स्नानगृहात धरायला पक्के दांडे बसवून घ्या, न सरकणारी रबरी चटई टाका, आंघोळीला उंच स्टूल ठेवा, पलंगापासून संडासापर्यंत रात्री मिणमिणता दिवा राहू द्या आणि पायात येणारी सतरंजीची टोके, मोबाइलच्या वायरी उचला. काळजी अशा कामांत घाला.

घरातला झोपाळा मात्र अजून टाळा. आपल्याकडे बडोद्यात ज्या घरात झोपाळा नाही ते घर विरळा, आणि सगळ्यात प्रेमाची जागाही तीच. पण तो बुटका असतो आणि उठताना नेमका मागे सरकतो. तोल पुरता परतेपर्यंत त्याला साखळी बांधून स्थिर केल्याखेरीज बसू नका. जमिनीवर मांडी घालणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचा संडास, यांबद्दल इतरांचे ऐकू नका. तुमच्या सर्जनने कोणत्या बाजूने, पुढून की मागून, सांधा बसवला, त्यावर ते अवलंबून आहे आणि परवानगी त्यांच्याकडूनच घ्यायची. तोवर पूजाही टेबलावर मांडून खुर्चीत बसून करा.

काही लक्षणे दिसली तर वेळ घालवू नका. पोटरी दुखू लागली, सूज सकाळीही उतरेनाशी झाली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखले. व्रण लाल झाला, गरम लागला, त्यातून पाणी आले किंवा ताप आला. पाय एकाएकी आखूड झाल्यासारखा वळला आणि टेकवेना, तर लगेच रुग्णालय गाठा. आधी उतरत गेलेले दुखणे नव्याने वाढू लागले, तर तेही दाखवा. दातांच्या डॉक्टरांना कृत्रिम सांध्याची कल्पना देत चला.

आता गरबा. पुढच्या नवरात्राला अकरा-बारा महिने आहेत, म्हणजे तुमच्या पडण्याला तेव्हा सोळा महिने होऊन गेले असतील. नियमित व्यायाम झाला तर तेव्हा तुम्ही घरात काठीविना आणि बाहेर निर्धास्तपणे चालत असाल, अशी मला बरीच आशा आहे. पण खुब्याचे हाड मोडलेली सगळीच माणसे पूर्वीइतकी चालती होत नाहीत. काहींना गर्दीत काठी कायमची लागते, आणि हे तुम्हाला न सांगणे बरे नव्हे. मैदानावरचा वेगाचा गरबा, ज्यात एका पायावर गिरकी आहे, एकदम वाकणे आहे आणि मागून येणाऱ्याचा धक्का आहे, तो मी तुम्हाला सुचवणार नाही. शेरीतला दोन टाळ्यांचा संथ गरबा, कडेच्या फेरात, बाजूला ओळखीचे माणूस, आणि सर्जनची हरकत नसेल तर, तो होऊ शकतो. त्याची तालीम म्हणून त्याच नऊ दिवसांत आपल्या दक्षिणी, म्हणजे मराठी बायकांचा भोंडला आहेच; हत्तीभोवती हात धरून चालायचे, गिरकी नाही, उडी नाही, आणि थकलात तर मधूनच खुर्चीत बसून गाणे पुढे चालवता येते.

एक शेवटचे काम उरते, ते त्या ओट्याचे. पत्रावरून मला असे वाटते, की तुम्ही पडल्यापासून तो ओटा एकट्याने ओलांडलेला नाही. पडण्याचे भय असे जागा धरून बसते, आणि ती जागा टाळत गेलो की ते वाढते. आधी फरशीवर खरखरीत पट्ट्या बसवून घ्या आणि पायरीला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा लावा. हे पावसाच्या आधी, या हिवाळ्यातच. मग एखाद्या कोरड्या दुपारी, मागे पट्टा असलेल्या चपला घालून, साडी घोट्याच्या वर खोचून, नुसते दारात उभे राहा. चार दिवसांनी ओट्यावर खुर्ची टाकून बसा, शेरीतली माणसे जाताना दिसतील. पुढच्या आठवड्यात फिजिओला बरोबर घेऊन एक पायरी उतरा आणि परत चढा. पुढच्या वटपौर्णिमेला उतराल तेव्हा डाव्या हातात काठी आणि उजवा हात कठड्यावर असू द्या, आणि पूजेचे ताट सूनबाईच्या हाती द्या.